खडीसाखर

"पाय झाकून ठेवलाय, काका. वास येतो," तनुजा दारातच म्हणाली. "तुम्ही फक्त एकदा सांगा तिला. माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं नाही, पाळकसाहेबांचंसुद्धा नाही."

जयसिंगराव साळव्यांनी चपला काढल्या. विश्रांतवाडीतल्या त्या दोन खोल्यांत ते कितीतरी वर्षं प्रार्थनेला येत होते. तनुजाची आई, सत्यशीलाबाई, पलंगावर उशीला टेकून बसली होती. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात बाईंनी इन्शुलिन सोडलं होतं. आज चौतिसावा दिवस. अंगठ्याची जखम काळी पडून घोट्यापर्यंत चढली होती.

सोडलं ते जयसिंगरावांची साक्ष ऐकून. चर्चच्या मंडळीत ती सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षं मधुमेह, रोज दोन सुया. मग एका पहाटे देवाचा शब्द आला आणि त्यांनी इन्शुलिन मोरीत ओतलं. त्याला आता दीड वर्ष झालं. कॉम्प्युटर कंपन्यांतल्या पोरांनी ती साक्ष सीडीवर उतरवली. आधी पन्नास निघाल्या, मग दोन हजार. कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून ज्यांचं नाव फोरमनलाही धड ठाऊक नव्हतं, त्या जयसिंगरावांना न्यायला आता पार वाघोलीहून गाडी येई. येत्या पुनरुत्थानाच्या रविवारी तिथल्या मैदानावर त्यांच्यासाठी हजार खुर्च्या मांडायचं ठरलं होतं.

"भाऊ," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "ही पोरगी रोज रडते. कंपनीतून कागद छापून आणते. आता मीही डगमगायला लागलेय. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता सुई घेते. बाटल्या हिनं फ्रीजमध्ये जपून ठेवल्यात."

"सर्जन म्हणाले, आज अ‍ॅडमिट केलं तर पाय जाईल, पण आई राहील," तनुजा म्हणाली. "उद्याची गॅरंटी नाही."

जयसिंगरावांनी झाकलेल्या पायाकडे पाहिलं. सैतान शिंगं-शेपूट लावून येत नाही, हे रविवारच्या शाळेत त्यांनीच वीस वर्षं शिकवलं होतं. तो मायेच्या माणसाच्या तोंडून बोलतो. अरण्यात प्रभू भुकेला होता, नेमका तेव्हाच तो भाकरीचा विषय काढून आला. आणि आत्ता त्यांच्याही आत कोणीतरी बोलत होतं. सांग तिला. एक वाक्य तर आहे, सांगून टाक.

बाईंची त्यांना मनापासून दया येत होती. त्या काळ्या पायाची भीती वाटत होती. पण त्या एका वाक्यानं किती जणांचा विश्वास ढासळला असता? दोन हजार घरांत सीडी वाजत होती. देवाच्या कामाची अशी नासाडी करायला सांगणारा आवाज कुणाचा, हे कळायला काही धर्मपंडित असावं लागत नाही. त्यांनी मनातल्या मनात सैतानाला धमकावलं. थोड्या वेळानं आवाज बंद झाला.

बोलायला तोंड उघडलं तर हात थरथरू लागले. कपाळावर घाम आला. ऊन चढलं होतं, ते चालत आले होते आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून खडीसाखरेचे दोन खडे काढून तोंडात टाकले. रविवारच्या शाळेतल्या मुलांना वाटायची ती पुडी त्यांच्या खिशात कायम असायची.

सत्यशीलाबाई टक लावून बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, तनू. साखर खातायत. पूर्वी चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायचे. आणखी काय पुरावा हवा तुला?"

"काका, बोला ना काहीतरी."

"सहाच दिवस राहिलेत, बाई," जयसिंगराव म्हणाले. "शेवटी शेवटी सैतान जास्त जोर करतो. टिकून राहा."

तनुजा उठून स्वयंपाकघरात गेली.

"दोन घास खाऊन जा, भाऊ."

"जेवण घरीच." जयसिंगराव उठले. बाहेर ते कधीच जेवत नसत. जेवणाआधी घरी दार लावून पाच मिनिटं एकटं बसायचा त्यांचा नेम होता, आणि मंडळीत त्या नेमाचंही कौतुक होतं.

तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई गेल्या.

कबरीपाशी दोन शब्द बोलायला पाळकांनी जयसिंगरावांनाच पुढे केलं. "आपल्या बहिणीनं सैतानाला शेवटपर्यंत दाद दिली नाही," ते म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. ते रडणं खोटं नव्हतं. लोकांनी आमेन म्हटलं. वाघोलीच्या सभेत ही गोष्ट जरूर सांगा, असं दोघातिघांनी जाताना सुचवलं.

गर्दी पांगल्यावर तनुजा आली. डोळे कोरडे होते. तिनं बर्फ घातलेला एक छोटा डबा पुढे केला.

"आईच्या बाटल्या. चारही उघडलेल्या नाहीत. तुम्हीच नेऊन मोरीत ओता, काका. तुम्हाला सवय आहे."

त्यांनी डबा घेतला. तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

घरी पोचेपर्यंत दीड वाजला. बायको गेल्यापासून ते एकटेच होते. कामवाली पोळीभाजी झाकून ठेवून गेली होती. जयसिंगरावांनी दाराला आतून कडी लावली, साबणानं हात धुतले आणि डबा उघडला. बाटल्यांना लावलेल्या औषधदुकानाच्या चिठ्ठीवर सत्यशीलाबाईंचं नाव होतं. त्यांनी बाटल्यांवरची मुदतीची तारीख वाचली. अजून सात महिने होते.

फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागची त्यांची स्वतःची बाटली कालच संपली होती. तिच्या जागी त्यांनी बाईंच्या तीन बाटल्या नीट लावल्या, चौथीचं झाकण काढलं, सिरिंजमध्ये रोजच्याइतकं भरून घेतलं आणि सदरा वर केला.