मेथ्यांचा डबा

"तो डबा भंगारात गेला तर मी पण भंगारात," असं म्हणून धर्मा स्वयंपाकघराच्या दारात आडवा हात लावून उभा राहिला.

"मग जा," चेतना म्हणाली. "उद्या सकाळी ट्रॉलीवाले येतायत. जुन्या फळ्या निघणार म्हणजे निघणार. त्या गंजक्या डब्यात काय सोनं आहे? मेथ्या आहेत. लिहिलंय वर."

"तीच तर गंमत आहे!" धर्मा खूश झाला.

एक्कावन्न वर्षांचा बाप्या. डोक्यावरचे केस गेले, अंगातली मस्ती गेली नाही. आज आईला जाऊन वर्ष झालं. सकाळी वंदना झाली, भंतेजी जेवून गेले, आणि तेवढ्या गडबडीत याने मेव्हण्याच्या चपला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. मेव्हणा बिचारा कोणाच्या तरी लेडीज स्लिपर घालून गोरेगाव स्टेशनला गेला.

आता घरात चौघंच. धर्मा, त्याची बायको चेतना, बहीण सपना, आणि खाटेवर त्यांचे वडील अण्णा. अण्णांना दात नाहीत. पान खायचं तर कुटून. म्हणून खलबत्ता कायम पायाशी. आई भिंतीवर, पांढऱ्या फुलांच्या हारात.

"सपने, ऐक," धर्मा म्हणाला. "आई त्यात शेंगदाण्याचे लाडू लपवायची. मला मेथी बघितली तरी उलटी येते, म्हणून वर मेथ्या लिहिलेलं. तिला वाटायचं, हा काय हात लावत नाय. पण मी सात वर्षांचा असताना पकडलं. तेव्हापासून साफ करतोय. लग्न झालं, टक्कल पडलं, धंदा चालू. आणि एकदाही सापडलो नाय. एकदाही!"

"ते लेबल माझ्या अक्षरात आहे," सपना म्हणाली.

"मग?"

"आई म्हणालेली, मोठं लिही गं. त्याला लांबनं दिसलं पाहिजे."

धर्मा हसला, पण जरा उशिरा.

चेतना तोपर्यंत आत गेलेली. "हे स्टूल बघा! रोज ऑफिसला जाताना मी बाहेर ठेवते. संध्याकाळी येते तर परत इथं, फळीखाली. कोण ठेवतं? आणि मागच्या आठवड्यात आणलेले दाणे कुठे गेले? अर्धा किलो होते."

अण्णा पानाचे देठ खुडत होते.

"तू कधी उघडलास रे शेवटचा?" सपनाने विचारलं.

"आई होती तेव्हा. नंतर नाय." धर्माने कान खाजवला. "मालकच नसेल तर चोरीला काय मजा?"

"मग काढू दे ना तिला."

"नाय."

"अरे, पण रिकामा डबा..."

"नाय म्हटलं ना!"

हा आवाज त्या घरात कोणी ऐकलेला नव्हता. चेतनाने झाडू कोपऱ्यात ठेवला. धर्मा स्वतःच दचकला, मग दात काढून म्हणाला, "आईला उल्लू बनवलेला एकच माणूस आहे या दुनियेत. त्याचं तेवढं तरी स्मारक राहू द्या."

"गाढवा," अण्णा म्हणाले.

सगळे वळले. अण्णा सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.

"ताटातलं काय खायचास तू? भाकरी खिडकीतनं कावळ्याला. भाजी माझ्या ताटात. पार काडी झालेली तुझी. एक दिवस गुळाचा खडा चोरून खाल्लास, तर ती खूश! मला म्हणाली, अहो, चोरलेलं पोटात जातंय त्याच्या." अण्णांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "फळी एवढी उंच, आणि स्टूल बरोबर तिच्याखाली. कोण ठेवायचं रे ते? तुझी सासू?"

धर्माने मान वळवून स्टुलाकडे बघितलं.

"आणि रोज शाळेतनं आलास की ती गॅलरीत जायची. कपडे काढायला. आत यायच्या आधी खोकायची. त्रेचाळीस वर्षं खोकली बाई. डॉक्टरकडे नेली होती मी एकदा, तेव्हा सांगितलंन."

सपना फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

धर्मा फोटोकडे बघत राहिला. नंतर फळीकडे. नंतर खलबत्त्याकडे. खलबत्त्याच्या कडेला शेंगदाण्याचं लालसर साल चिकटलेलं.

अण्णांनी काठी घेतली, गुडघ्यावर हात देऊन उठले.

"कुठं चाललात, अण्णा?" चेतनाने विचारलं.

"कपडे काढून आणतो."

ते गॅलरीत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. दोरीवर एकही कपडा नव्हता.

चेतना आणि सपना एकमेकींकडे न बघताच हॉलमध्ये गेल्या.

धर्मा स्टुलावर चढला. स्टूल कुरकुरलं. डब्यात पाच लाडू होते. वाकडे, एक जरा फुटलेला, दाणे जाडेभरडे. त्यांना पानाच्या कातासारखा वास येत होता. त्याने एक अख्खाच तोंडात कोंबला. गूळ कमी पडलेला.

बाहेर अण्णा खोकले.

धर्माने पटकन झाकण लावलं, खाली उडी मारली आणि बाहीने तोंड पुसलं. मग डोळे पुसले.