नानायच्या घरचं वायफाय

"माझ्या भावाचा चेहरा ठोकळे ठोकळे झालाय, आणि तू मला राउटर बंद करून चालू करायला सांगतेस? तीनदा केला. आता काय त्याच्यापुढे मेणबत्ती लावू?"

फिलिपिन्समधल्या बाकोलोदच्या कॉल सेंटरमध्ये मारिव्हिकने हेडफोन कानापासून जरा लांब धरला. पलीकडे इलोइलोकडच्या एका गावातली एर्लिंडा संतापाने फणफणत होती. मारिव्हिक सकाळपासून असल्याच शिव्या खात होती. इंटरनेट मंद झालं की लोकांना कंपनीचा मालक सापडत नाही, मारिव्हिक सापडते.

"मॅडम, तुमची लाइन मी इथून तपासते. जरा थांबता?"

"मी थांबेन गं. जहाज थांबणार आहे का?"

मग सगळं बाहेर आलं. एर्लिंडाची आई, तिची नानाय, वारली होती. शवपेटी घरातच होती, उद्या दफन. धाकटा भाऊ रेनांते मालवाहू जहाजावर नोकरीला, त्याला रजा मिळाली नव्हती. आज जहाज एका बंदराला लागलं होतं, म्हणून दुसऱ्या फोनच्या व्हिडिओवर आईचं शेवटचं दर्शन तरी होणार होतं. संध्याकाळी जहाज सुटलं की पुन्हा नुसतं पाणी.

"अख्खा मांडव भरलाय," एर्लिंडा म्हणाली. "गावाने नानायला किती मान दिलाय, ते त्याला दाखवायचंय मला. आणि त्याला दिसतंय काय, तर तुमचं ते गोल फिरणारं चक्र."

मारिव्हिकने लाइन तपासली. लाइन ठणठणीत होती. मग तिने बसल्या जागेवरून त्या घरच्या राउटरमध्ये डोकावून पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. राउटरवर फोनच फोन जोडलेले होते, आणि प्रत्येक फोन हावरटासारखा इंटरनेट ओढत होता.

"मॅडम, मांडवातल्या लोकांच्या हातात काय आहे, जरा बघा."

लामायला, म्हणजे मयताच्या जागरणाला, लोक काय करतात, हे मारिव्हिकला कुणी सांगायला नको होतं. मयताला एकटं सोडायचं नाही, म्हणून दफन होईपर्यंत माणसं बसतात, कॉफी-बिस्किटं घेतात, कलिंगडाच्या बिया फोडतात, पत्ते कुटतात. पत्ते आपटल्याचा आवाज तिच्या कानात येतच होता. वर खिदळणंही.

"फोन," एर्लिंडा परत येऊन म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "कुणी कोंबड्यांची झुंज बघतंय, कुणी गेम खेळतंय. मागच्या गल्लीतली ती बाई मालिका बघतेय. पासवर्ड मीच भिंतीवर चिकटवलाय. पाहुण्यांना नाही कसं म्हणणार?"

"ते पाहुणे नाहीत, फुकटे आहेत," मारिव्हिक म्हणाली.

ग्राहकाशी असं बोलायची परवानगी नव्हती. पण ती पेटली होती. मेलेल्या बाईच्या दारात बसून हे लोक तिच्याच मुलाच्या वाट्याचं शेवटचं दर्शन गिळत होते, आणि वर त्यांना बिस्किटंही हवी होती.

"मी इथून पासवर्ड बदलते. नवा फक्त तुम्हाला सांगते."

"लामायला कुणाला नाही म्हणत नाहीत गं."

"तुम्ही कुठे म्हणताय? मी म्हणतेय."

एर्लिंडा दात खाऊन म्हणाली, "कर. थोबाडावर बंद कर एकेकाच्या."

मारिव्हिकने केलं, आणि तिला मनापासून बरं वाटलं. आधी पलीकडून "अरे, गेलं का?" ऐकू आलं. मग "ताई, वायफाय?" मग "कंपनीचा घोळ आहे," असं एर्लिंडाचं धडधडीत खोटं. एर्लिंडा नवा पासवर्ड भरत होती तोवर मागे खुर्च्या सरकल्या, मोटरसायकली सुरू झाल्या. लामायवरून निघालेल्याला घरच्यांनी दारापर्यंत पोचवायला जायचं नसतं, थांब म्हणायचं नसतं. अपशकुन होतो. एर्लिंडा जागची हलली नाही.

मारिव्हिकच्या पडद्यावर वेगाचा आकडा सरसर चढला.

"आता बघा, मॅडम."

"आला," एर्लिंडा म्हणाली आणि रडायला लागली. "रेनांते, दिसतेय का रे नानाय?"

"दिसतेय, ताई." त्याचा आवाज मारिव्हिकलाही शेजारी बसल्यासारखा ऐकू आला. "केस छान विंचरलेस तिचे. निळा ड्रेस घातलास. तो मीच पाठवला होता."

मारिव्हिकने डोळे पुसले. कॉल ठेवायला हवा होता, पण तिच्याने ठेववेना.

"ताई, आता मांडवाकडे फिरव ना फोन," रेनांते म्हणाला. "माझ्यामागे इथली सगळी पोरं उभी आहेत. त्यांना म्हटलंय, बघा माझ्या आईला गाव किती मानतं ते."

पलीकडून पत्त्यांचा आवाज येत नव्हता. तो कधी थांबला, हे मारिव्हिकच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ताई? परत अडकलं का?"

"नाही," एर्लिंडा म्हणाली आणि तिने फोन फिरवला.

रेनांतेचा आवाज यायला थोडा वेळ लागला. इंटरनेट मात्र अजिबात मंद नव्हतं.

"सगळं स्वच्छ दिसतंय, ताई," तो म्हणाला. "नानायकडे कुणीच आलं नाही?"