बिनसहीची चिठ्ठी

१९५८ साली बंगलोरजवळच्या यशवंतपूरच्या एका कारखान्यानं आपल्या फुटबॉल संघासाठी मद्रासहून भारी पगाराचा सेंटर फॉरवर्ड आणायचं ठरवलं. त्याच्यासाठी जुन्या अकरांपैकी एकाला संघातून आणि नोकरीतूनही काढायचं होतं. संघाच्या सेक्रेटरींनी ते पाप खेळाडूंच्याच माथी मारलं. "कुणी जावं, त्याचं नाव प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून द्या. सही नको."

गुंडू आणि कृष्णात निपाणीहून एकाच दिवशी नोकरीला आलेले, एकाच खोलीत राहणारे. संघात हे दोघंच तिशी ओलांडलेले, त्यामुळे कुऱ्हाड आपल्यापैकीच एकावर पडणार हे त्यांना कळून चुकलं होतं.

"गुंड्या, पोरांच्या गळ्याची आण, तुझं नाव माझ्या हातनं लिव्हलं जायचं न्हाई," असं म्हणताना कृष्णातचे डोळे भरून आले. त्याची चार पोरं गावाकडे मनीऑर्डरीवर जगत होती. गुंडूच्या मागं कुणी नव्हतं. त्यानं फार विचार केला नाही. चिठ्ठीवर सरळ स्वतःचंच नाव लिहिलं आणि घडी घालून पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी त्याला ऑफिसात बोलावलं. नोकरी गेल्याचं कळलं, तरी कृष्णात वाचला याचंच गुंडूला समाधान होतं.

"सरी, ठीक आहे, वाईट वाटून घेऊ नकोस," सेक्रेटरी त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "निदान वाद तरी झाला नाही. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर तुझंच नाव होतं."