चार फुटांची टाकी

सुनेनं पुन्हा त्या दोन फुटांच्या टाकीवरच बोट ठेवलं आणि सासूबाईंचं डोकं तडकलं.

दुकानदार बिचारा दोघींच्या मध्ये फडकं घेऊन उभा होता. त्याच दोन टाक्या त्यानं इतक्या वेळा पुसल्या होत्या की आता काच झिजेल असं वाटत होतं. एक चार फूट लांब, एक दोन फूट. सासूबाईंनी दोन्ही आपल्या वितीनं मोजून घेतल्या होत्या. दुसऱ्याच्या पट्टीवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता.

अ‍ॅक्सोलॉटल पाळायचं खूळ सुनेचंच. पाल म्हणावी तर राहतात पाण्यात, मासा म्हणावा तर पाय चार. मानेशी पिसांचे झुबके आणि तोंडावर कायमचं हसू, जसं काही रोज त्यांच्याच घरी लग्न आहे. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग गुपचूप जीव लावला. आणि वर्षभर हिनंच तर घराला शिकवलं होतं: हे पोहतात कमी, तळाशी चालतात जास्त, टाकी उंच नको, लांब हवी, दोघं असले तर चार फूट हवीच, नाहीतर एकमेकांचे पाय चावतात. ऐकून ऐकून सासूबाईंना पाठ झालं होतं. आता तीच बाई त्या डबीसमोर ठाण मांडून उभी होती. घरची टाकी फुटल्यापासून दोघं बाथरूममधल्या टबात दाटीवाटीनं पडले होते. पांढऱ्याचा पुढचा पंजा काळ्यानं कालच तोडला होता. ते पाहून रडलीही हीच.

सासूबाईंनी समजावून पाहिलं. जागेची अडचण असेल तर माझा पलंग हलवते म्हणाल्या. घर माझं, पलंग माझा, कुणाच्या बापाला विचारायचं नाही. सुनेचं बोट लहान टाकीवरच. दुकानदारानं मध्येच तोंड घातलं, की मोठी घेतलीत तर आमची माणसं येऊन लावून देतील, ती रिकामीसुद्धा एकट्यादुकट्याला हलत नाही. ते ऐकून सून आणखीच लहान टाकीकडे सरकली.

मग त्यानं विचारलं, आधीची फुटली कशी? खुर्चीचा धक्का लागला, सासूबाईंनी फाडकन सांगून टाकलं. खुर्ची काही आपल्या पायांनी चालत गेली नव्हती. ती त्यांच्या मुलानं भिरकावली होती, आणि त्यानं भिरकावलेली ती पहिली वस्तू नव्हती. पण घरातलं घरात राहावं म्हणून सासूबाई सगळ्यांना धक्क्याचंच सांगत होत्या. आता त्यांना वाटलं, सुनेचा तोच रुसवा चाललाय. राग नवऱ्याचा आणि काढायचा मुक्या जिवांवर.

"अगं, पाय तोडतील ते एकमेकांचे," त्या कडाडल्या. "तूच सांगत होतीस ना? मग ही एवढीशी डबी कशाला?"

सुनेनं लहान टाकी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. जपून खाली ठेवली.

"ही मला एकटीला उचलून नेता येईल, आई."

दुकानदाराचं फडकं थांबलं. सासूबाईंनी त्या लहान टाकीकडे पुन्हा एकदा पाहिलं. इतका वेळ ही पोरगी जागा मोजत नव्हती, वजन मोजत होती. कुठे नेणार आणि कधी, हे विचारायची गरजच उरली नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दुकानदाराकडे वळल्या.

"चार फुटांचीच द्या. आजच माणसं पाठवा. ती माझ्या घरातून हलणार नाही."

आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "हलायचंय ते माझ्या पोराला. त्याला बाहेर काढायला मी एकटी पुरे आहे."