फुकटातली पुली

आईच्या खोलीचं दार ढकललं आणि जळक्या थर्माकोलचा भपकारा थेट तिच्या घशात गेला. तिला आईचा वॉकर हवा होता. हॉस्पिटलातून नुकताच फोन आला होता. आई काल आधार धरून उभी राहिली, उद्या घरी न्या, येताना त्यांचा वॉकर तेवढा आणा, हॉस्पिटलच्या दारापर्यंत चालवतच आणून सोडू. महिन्यापूर्वी त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ‘मनाची तयारी ठेवा’ म्हणून सांगितलं होतं. फोन ठेवून ती हमसाहमशी रडली होती आणि डोळे पुसत तशीच इकडे आली होती.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवर काळी वाळू, वाळूत तेल, तेलात लाकडाचा भुसा. त्या राड्यात अर्धा प्यालेला चहाचा कप आणि चहात मेलेली माशी. भिंतीवर हाताचे काळे पंजे. आईच्या उशीचा अभ्रा ग्रीस पुसून पुसून चामड्यासारखा झाला होता. तिने ओढणी नाकाला लावली. डुकरांच्या उकिरड्यावरही माणूस याहून सुखाने श्वास घेत असेल.

मधोमध नवरा उकिडवा बसला होता. हा तसा बँकेतला कॅशियर. पण गल्लीत त्याला सगळे कारखानदार म्हणायचे, आणि हे येडं त्याला कौतुक समजायचं. लाकूड गोल तासायचं मशीन तो घरच्या घरी उभं करत होता. मोटर मोडक्या वॉशिंग मशीनची, सांगाडा कुणी टाकून दिलेल्या कपाटाच्या लोखंडाचा. एकही पार्ट विकत आणायचा नाही अशी जणू शपथच घेतलेली. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला खरोखरच नव्हतं, कारण सगळा माल कुणाच्या तरी घरातून उचललेला.

“ये ये, अगदी वेळेवर आलीस,” तो म्हणाला, आणि हातातली पुली त्याने तिच्या नाकासमोर धरली. “कालच ओतली. बाजारात घ्यायला जा, डोळे पांढरे होतील. शिवाय आपल्या मापाची मिळायची नाहीच.”

“अहो, वॉकर कुठे ठेवलाय?”

त्याला ऐकू आलं नाही. आपल्या पुलीचं गाणं सुरू झालं की त्याला काहीच ऐकू यायचं नाही. आधी थर्माकोलची पुली कोरायची, मग ती डब्यातल्या वाळूत पुरायची, आणि वरून वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं. थर्माकोल जळून जातो, त्याची जागा धातू घेतो. भट्टी म्हणजे रंगाची रिकामी बादली, आतून माती लिंपलेली. निखाऱ्यांना वारा द्यायला हेअर ड्रायर. आपला हेअर ड्रायर कुठे गेला, हे तिला आत्ता कळलं. पुली तर बघवत नव्हती. जागोजागी भोकं पडलेली, किडलेल्या दाढेसारखी.

“वॉकर हवाय मला. आई उद्या घरी येतेय.”

“हो का? वा, छान झालं,” तो पुली बसवता बसवता म्हणाला. मग त्याने पट्टा चढवला आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, पण मशीन जागचं हललं नाही.

“बघितलंस? गेल्या आठवड्यात नुसती मोटर लावली तर हेच खोलीभर नाचत होतं. सगळी करामत खालच्या रबरांची.”

तिने वाकून बघितलं. मशीनच्या चार पायांत चार रबरी बूट होते, तीन करडे आणि एक काळा. करड्यातला एक झिजला तेव्हा दुकानात काळाच मिळाला होता. तो तिनेच वॉकरला बसवला होता, आणि आई हसून म्हणाली होती, चला, एका पायाला तरी नवी चप्पल मिळाली.

ती सरळ उभी राहिली. पुली गरगर फिरत होती.

“हे ॲल्युमिनियम कुठलं?” तिने विचारलं.

त्याने बटण बंद केलं. पुली हळूहळू थांबली. त्याच्या तोंडावरचं हसू तिच्याआधीच थांबलं होतं.

“अगं, डॉक्टरच म्हणाले होते ना,” तो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आगीपेक्षाही जास्त शिसारी आली, याच्या नखांतल्या काळ्या मळाची, त्या चहाची, ज्या हातांनी हा रोज ताटातला घास उचलतो त्या हातांची. हेच हात करवतीने पाइप कापत बसले असतील, शीळ घालत. आईच्या मुठीने गुळगुळीत झालेली जागासुद्धा त्यांनी कापली असेल.

“माझी आई तिकडे श्वास घेत होती,” ती म्हणाली. “ती श्वास घेत होती आणि तुम्ही तिचा वॉकर वितळवत होतात. ती मरायची वाट तरी बघायची. मला तुमची किळस येते. तुमच्याबरोबर एका घरात राहायची किळस येते.”

भांडायचा त्याचा स्वभावच नव्हता. अभ्र्याला हात पुसत तो उठला, मशीनकडे बघितलं, खोलीभर नजर फिरवली, आणि एखादं माप चुकल्यावर डोकं खाजवतो तसं खाजवलं.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “वॉकर सकाळी नवा आणतो. मशीनही काढतो, फरशी धुऊन देतो. पण त्यांना झोपवायचं कशावर? पलंग तर तू भंगारवाल्याला दिलास, त्या ॲडमिट झाल्या त्याच आठवड्यात, मला ही खोली देताना.”