सकाळचं बोलणं

सलोमी प्रार्थनेत तोंडच उघडत नाही, ही वच्छलाबाईंची सुनेबद्दलची जुनी तक्रार. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी सगळे आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करत, आणि सुनेचे मात्र नुसते ओठ हलत. "तोंडानं म्हनलेलंच देवापाशी पोचते," सासूबाई सुनवायच्या. "मनातलं आयकाले तो का तुह्या चुलीपाशी बसला हाय?"

एका दुपारी खाणीचा भोंगा अवेळी वाजला. वच्छलाबाईंचा मुलगा, सलोमीचा नवरा सुधाकर खाली अडकल्याचा निरोप आला. शेजारणी जमल्या, वच्छलाबाई गुडघ्यावर बसल्या, पण तासतासभर प्रार्थना करणाऱ्या त्या बाईला एक शब्द सुचेना. शेवटी सलोमीच मोठ्यानं बोलली, "देवबापा, सकाळच्या भांडनात आत्याबाई आपल्या लेकाले म्हनल्या, 'मेला तरी तुह्यं तोंड पाहाची नाई.' ते मनावर नको घेऊ. त्या रागात कायबी बोलतेत."

चारचौघींत सुनेनं आपलं माप काढलेलं वच्छलाबाईंनी आजवर खपवून घेतलं नव्हतं. डोळे न उघडताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"खरं बोलली तू. आता थांबू नको. देवाले सांग, या बाईचं सकाळचं एक बी आयकू नको."