भुरीची शिकार

मोताळ्यात घराघरांत उंदीर मरून पडू लागले, प्लेग आला आणि अख्खं गाव शेतात झोपड्या टाकून राहायला गेलं, हे ऐकल्यापासून रोहिणखेडच्या सोजराबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळ-संध्याकाळ ती कणगीमागं, चुलीमागं मेलेला उंदीर शोधायची. सापडत मात्र एकही नव्हता.

"कायले भेतं वं? भुरी हाये तवर आपल्या घरात उंदीरच उरत नाही, मंग पडन कुठून?" नवरा इंद्रभान म्हणायचा.

भुरी मांजर होतीच गुणाची. उंदीर आणून उंबऱ्यावर ठेवला की वाटीत दूध मिळतं, हे सोजराबाईनं तिला पिल्लू असतानाच शिकवलं होतं. हल्ली तर ती इतके उंदीर आणायची की घरातलं दूध पुरेना. प्लेगच्या धास्तीनं शेजारपाजार रिकामा झाला, तरी सोजराबाई भुरीच्या भरवशावर तान्ह्या लेकराला घेऊन घरातच राहिली.

आजही भुरीनं उंदीर आणून ठेवला. सोजराबाईनं वाटीत दूध ओतलं, फेकायला म्हणून उंदीर शेपटीला धरून उचलला आणि तसाच खाली टाकला. त्याच्या अंगावर दाताची एकही खूण नव्हती.



दूध चाटून झाल्यावर भुरी रोजच्यासारखी पाळण्यात चढली आणि लेकराच्या कुशीत शिरली.